घड्याळातलं घरटं

६ फेब्रुवारी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येणारच. फोनवर तू नुसता "हं" म्हणतोस. "ऐकलंस का?" "हं." "करशील ना?" "हं." आणि महिन्याने विचारलं की, "कधी म्हणालीस?" पत्रात हं म्हणून सुटता येत नाही, आणि तुझं उत्तर माझ्याकडे पुरावा म्हणून राहतं.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होईल. तिच्या पाककृतींची चिटोरी अजून डब्यात कोंबलेली आहेत. पाकिटांच्या पाठी, कॅलेंडरची पानं, औषधांच्या खोक्यांचे तुकडे, जे हाताला लागलं त्यावर तिने लिहिलं. मी अडतीस वर्षं पुस्तकबांधणी केली, दुनियेच्या आयांच्या वह्या शिवून दिल्या, आणि आपल्या आईचं लिखाण तसंच पडलंय. दिव्याखाली अंधार तो हाच.

सोबत पुठ्ठ्याचा एक साचा पाठवते आहे, पोस्टकार्डाएवढा. तेवढी जाड कार्डं कापून घे. एका कार्डावर एक पाककृती चिकटव. खळ पातळ कर आणि फक्त चार कोपऱ्यांना लाव, नाहीतर कागद फुगतो. मध्ये रंगीत कार्डं घाल, त्यांचे कान वर येऊ देत: सूप, भाज्या, भट्टीतलं, आजाऱ्याचं. मग ही सगळी उभी राहतील अशी एक पेटी. लाकडाचं काम तुला येतं, सबब सांगू नकोस.

भट्टीतल्यांपैकी आल्याच्या बिस्किटांची पाककृती आधी शोध. मला ती हवी आहे. का ते विचारू नकोस.

तुझी
ताई

•

१९ फेब्रुवारी

ताईस साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, म्हणून उभ्यानेच.)

पत्र पोचलं, साचा पोचला, दरारा पोचला. काम लगेच हाती घेणार होतो, पण दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही. या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आली. त्यातलं एक नुसतं किती वाजले ते विचारायला आलं होतं.

उरलेला वेळ बागेत जातो. आईच्या माघारी तिथली वर्दळ कमी झाल्यासारखी वाटत होती, म्हणून पाहुण्यांची सोय करतोय. फुटकी कुंडी आडवी करून अर्धी मातीत पुरली, आत ओला पाला घातला. तिसऱ्या दिवशी एक बेडूक राहायला आला, अनामत न देता. झाकण हरवलेल्या डब्यात पोकळ काड्या गच्च भरून भिंतीला टांगल्या. त्यात त्या पोळं न करता एकेकट्या राहणाऱ्या माश्या येतात. माझी आणि त्यांची जात एक, त्यामुळे जमेल असं वाटतं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे घड्याळ. दुकानात भिंतीवरच्या घड्याळांची एक जोडी कैक वर्षं बंद पडून होती. एकाच्या पोटातली चाकं काढली, तबकडीच्या जागी फळी ठोकली, फळीला जेमतेम चिमणी शिरेल एवढं भोक पाडलं, वाऱ्याला बाजूने चार छिद्रं. काटे मात्र पुन्हा बसवले. दहा वाजून दहा मिनिटं. झाडाला टांगलंय, दिसायला झकास दिसतं.

बिस्किटांचं म्हणशील तर तुला तीच आठवणार, यात नवल काय? आईने गेल्या वर्षी जानेवारीत पाठवलेला निळा डबा आठव. मीच पोस्टात टाकला होता. आठवड्यात परत आला तेव्हा आई म्हणाली, "थोरलीने सगळी संपवली बघ, रिकामा डबा धाडलाय." मला मेल्याला एक चाखायला मिळालं नव्हतं! त्याच डब्यात तिने मग ही चिटोरी ठेवली.

तुझा आज्ञाधारक (होणार आहे)
धाकटा

•

२६ फेब्रुवारी

धाकट्या,

तेरा दिवसांनी उत्तर, त्यात चार ओळी कामाच्या नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. घड्याळातून पाखरू बाहेर येतं ते लाकडाचं असतं, आणि तेवढंच पुरे असतं. तू खरं बसवतोयस. ते वेळेवर ओरडणार आहे का?

डब्याचं जाऊ दे.

कामाचं नीट वाच. तू म्हणशील, कागद साच्यापेक्षा मोठे आहेत, मग काय करू? तर काप. साचा कागदावर ठेवायचा, मजकूर मधोमध घ्यायचा, बाहेर येईल तेवढं सुरीने छाटायचं. हात कापता कामा नये, म्हणजे थरथरता कामा नये. आमच्या धंद्यातला पहिला धडा हाच: कडा छाटल्याशिवाय पुस्तकाला रूप येत नाही. मी शिकाऊ असताना आमचे उस्ताद म्हणायचे, कडेवर दया केली तो बांधणीवाला नाही.

आणि आता "कातरणांचं काय करू" म्हणून आणखी तेरा दिवस घालवू नकोस. घाल तुझ्या त्या पाखरांना. गाद्या शिवतील.

ताई

•

२१ मार्च

ताईस नमस्कार.

खाली बस. झालं! त्रेसष्ट कार्डं, चार रंगीत कान, सगळं तुझ्या साच्याबरहुकूम. पेटी केली ती जोडीतल्या दुसऱ्या घड्याळाची. उताणं झोपवलं, काचेचं दार झाकण झालं. एका घड्याळात पाखरं, एकात पाककृती, असा आता घराण्याचा इतिहास आहे. पेटी आजच्याच पार्सलने निघाली. आल्याची बिस्किटं सर्वांत पुढे आहेत.

आयुष्यात पहिल्यांदा तुझं शब्दशः ऐकलं, याची नोंद घ्यावी. कडेवर दया केली नाही. आईने कडेला, आडवंतिडवं, पेन्सिलीने मुंगीच्या पायांएवढं काही खरडलं होतं. दुकानाबाहेर मी भिंग लावत नाही, पण वाण्याच्या याद्या असाव्यात. ते सगळं छाटलं. आणि तू म्हणालीस तसंच, कातरणं कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरली, थोडा कापूस, थोडी सुतळी घातली आणि पिशवी फांदीला टांगली. तासाभरात एक चिमणा-चिमणी आली. आधी आपल्या आत्या कापड बघायच्या तशी चार-चार पट्ट्या ओढून पाहिल्या, मग न्यायला लागली. तीन दिवसांत पिशवी रिकामी. घड्याळाचं भोक आता कागदाने भरलेलं दिसतं.

तुझी सूचना अगदी मोलाची ठरली.

तुझा आज्ञाधारक (झालेला)
धाकटा

•

२ एप्रिल

धाकट्या,

पेटी पाहिली आणि हात फिरवत बसले. कार्डं सरळ, कोपरे काटकोनात. तू माझ्याकडे कामाला राहिला असतास तर मी तुला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं असतं, पण हे काम चोख आहे. खरंच चोख आहे. आईचं अक्षर पाहून रडू आलं, तेही लिहून टाकते.

आता बिस्किटं. तीनदा केली. कार्डावर आहे तसं, मापाला माप, आलं ताजं किसलेलं, साखर चाळलेली. तिन्ही वेळा दगड. पहिल्या घाण्याला हे म्हणाले, "छान कुरकुरीत आहेत." दुसऱ्याला बुडवायला चहा मागितला. तिसऱ्याला दात हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. आता दंतवैद्याकडे जाताना मी बरोबर यावं असं त्यांचं म्हणणं आहे, कारण कारण दाखवावं लागतं.

आईच्या हातचं काही असं कधीच नसायचं. आज दुपारी भांडी पुसता पुसता डोक्यात उजेड पडला. आई पाककृती शेजारणीने सांगितली की तशीच्या तशी उतरवून घ्यायची, शाईने. पण स्वतः करून पाहिली की चूक कुठे झाली, कोणाला आवडलं, कोणी पानात टाकलं, हे पेन्सिलीने कडेला लिहायची. मधलं शेजारणीचं. आईचं ते कडेचं.

त्या वाण्याच्या याद्या नव्हेत रे. कातरणं जपून ठेवली असशीलच. पुढच्या टपालाने पाठव.

ताई

•

६ एप्रिल

ताई,

तुझं २६ फेब्रुवारीचं पत्र समोर ठेवलंय. शेवटून तिसरी ओळ: "घाल तुझ्या त्या पाखरांना." खाली तुझी सही आहे. आणि माझ्या २१ मार्चच्या पत्रात पिशवी, फांदी, चिमणी, सगळं आहे; रडण्याच्या भरात तू ते विसरलीस. पुरावा दोघांकडेही राहतो, हा पत्राचा तोटा.

मी शिडीवर चढून घड्याळाचं मागचं दार किलकिलं केलं. आत चार अंडी. ठिपक्यांची. खाली, चहूबाजूंनी आईच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. चिमणीने माझ्याकडे असं पाहिलं की मी दार लावून "माफ करा" म्हणालो.

काय करू सांग.

धाकटा

•

९ एप्रिल

धाकट्या,

काय करू म्हणून काय विचारतोस? काढ ते घरटं! चिमण्या काय, दुसरं बांधतील, त्यांना काडी-कापसाची वाण आहे का? आईने लिहिलेली कडा दुसरी मिळणार आहे का कुठे? आजच्या आज काढ, कागद वाळव, पाठव.

ताई

•

१० एप्रिल

धाकट्या,

कालचं पत्र फाडून टाक. हे आधी मिळालं तर ते आल्यावर न उघडताच फाड. घरट्याला हात लावू नकोस.

काल पत्र टाकून आले, जेवायला बसले आणि ताटावरून उठले. माझा तो आवाज मला ओळखीचा वाटला. "चिमण्या काय, दुसरं बांधतील." हेच मी आईला म्हणाले होते. तुला सगळं सांगते, कारण आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही.

ती गेली त्याच्या आधीच्या डिसेंबरात तिला माझ्याकडे आणायचं म्हणून मी खोली रंगवली, पलंग घेतला, सगळी तयारी केली. ती म्हणाली, "बागेतल्यांना कोण बघेल?" मी म्हणाले, चिमण्या काय, दुसरं बांधतील, तुला लेकीपेक्षा बेडूक आणि चिमण्या जवळच्या. मग बस त्यांच्यापाशीच. आणि फोन ठेवला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी मी.

तीन आठवड्यांनी तिचा तो निळा डबा आला. मी तो संपवला नाही रे. उघडलादेखील नाही. वरच्या कागदावर पत्ता उलटा लिहून तसाच परत पाठवला. वजन तेवढंच होतं, पोस्टातला माणूस म्हणाला होता, "बाई, हा आताच तर आला." तिने तुला "रिकामा आला" सांगितलं हे मला तुझ्याच पत्रातून कळलं, आणि तेव्हापासून मी झोपेत त्या डब्याचं झाकण उघडते.

नंतर आम्ही फोनवर बोलायचो. हवापाणी, गुडघे, तू. डब्याचं तिने काढलं नाही, मी काढलं नाही. मार्चमध्ये ती गेली. तुझ्याकडे आले तेव्हा तो कपाटावर दिसला, हात लावायचा धीर झाला नाही. ती माझ्यावर रागावून गेली की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. म्हणून ती पाककृती. बिस्किटं काय, दुकानातही मिळतात.

त्या कडेला काही असेल किंवा नसेल. पण तिच्या घरातल्या चिमण्यांना मी दुसऱ्यांदा "दुसरं बांधा" म्हणणार नाही. पिल्लं उडू देत. मग बघ.

ताई

•

१९ एप्रिल

ताई,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. दहाचं वाचलं, नऊचं फाडलं. (आधी वाचलं. कुतूहल आवरलं नाही. पण नंतर बारीक फाडलं, आणि घाबरू नकोस, चुलीत घातलं, पिशवीत नाही.)

डब्याबद्दल काय बोलू? मी तुझा धाकटा, मला रागवायचा अधिकार नाही. असता तरी आपलेच दात आणि आपलेच ओठ. एक मात्र आता लख्ख आठवतं. डबा परत आला त्या आठवड्यात आई रोज सकाळी बागेत खलबत्ता घेऊन बसायची. मी विचारलं काय कुटतेस, तर म्हणाली, "शिळंपाकं." आणि चिमण्यांची ही गर्दी! मला वाटलं पाव असेल. बिस्किटं होती ती. म्हणजे ज्यांच्यापायी तू रुसलीस, त्यांनीच तुझी बिस्किटं खाल्ली.

काल अंड्यांतून पिल्लं निघाली. चारही. घड्याळातून आता दर दहा मिनिटांनी ओरडा होतो, म्हणजे तुझा पहिला प्रश्न निकालात निघाला. दुकानातलं एकही घड्याळ इतकं वेळेवर नाही. मांजर येऊ नये म्हणून मी खोडाला पत्रा गुंडाळला आणि दुकानाची खुर्ची बागेत आणली. गिऱ्हाइकांसाठी पाटी लावली आहे: "मागे बागेत आहे. हळू बोलावे."

एक पट्टी भोकातून बाहेर लोंबते आहे. दुर्बिणीतून पाहिलं. फक्त एक शब्द वाचता येतो. "थोरलीला". पुढचं आत आहे.

डोळ्यांत तेल घालून बसलोय.

धाकटा

•

२६ एप्रिल

धाकट्या,

"थोरलीला" काय? थोरलीला काय?

उत्तर नको. कळवण्यासारखं असेल तेव्हाच कळव. पिल्लं पोटभर खातात ना? कोमट पाण्यात भिजवलेले दाणे चालतात का, कोणाला तरी विचार. यांनी नवा दात बसवून घेतला.

ताई

•

७ मे

ताई,

परवा पहाटे पहिलं उडालं. दुपारपर्यंत तीन. चौथं आपल्या घराण्यातलं होतं. भोकातून डोकं काढून दीड दिवस विचार करत बसलं. काल संध्याकाळी आईबापांनी समोरच्या फांदीवरून बरंच सुनावलं, तेव्हा गेलं. चिमण्या त्याच घरट्यात पुन्हा अंडी घालतात म्हणे, म्हणून मी थांबलो नाही. अंधार पडायच्या आत घरटं काढलं, आणि रिकाम्या घड्याळाखाली नवी पिशवी टांगली. कापूस, सुतळी, आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या. या वेळी आधी वाचून बघितल्या.

मग दुकानात नेलं. टेबलावर पांढरं फडकं, डोळ्याला भिंग, हातात तो सर्वांत बारीक चिमटा, ज्याने मी बायकांच्या मनगटी घड्याळांची केसाएवढी स्प्रिंग उचलतो. ताई, चिमणी तुझ्याहून पक्की बांधणीवाली आहे. एकही गाठ नाही, आणि सुटता सुटत नाही. रात्री भाकरी खायलाही उठलो नाही. शाई असती तर सगळं धुऊन गेलं असतं, पण पेन्सिल तशीच राहिली. जिथे घाण होती तिथे ओल्या कुंचल्याने पुसली.

एकेचाळीस पट्ट्या वाचता आल्या. भोपळ्याच्या सुपाच्या कडेला: "धाकट्याने दोनदा घेतलं. पोट दुखलं, तरी तिसऱ्यांदा मागितलं." लिंबाच्या केकला: "जावईबापू चांगलं म्हणाले. ते सगळ्यालाच म्हणतात. धरू नये." हे भाऊजींना दाखव. आजाऱ्याच्या पेजेला: "थोरलीला ताप. नाक दाबून पाजली. मला चावली."

आणि आल्याची बिस्किटं. ती पट्टी चार तुकड्यांत होती. मी जोडून, तुझ्यासारखी चार कोपऱ्यांना खळ लावून, वेगळ्या पार्सलने पाठवतो आहे. पण त्याला चार दिवस जास्त लागतील, आणि हे पत्र तू आधी उघडशील, म्हणून इथेच उतरवतो. जसं आहे तसं:

"थोरलीला पाठवली. परत आली. एक खाऊन पाहिलं, फार कडक. बरं झालं तिने खाल्ली नाहीत, तिची दाढ दुखते. कुटून चिमण्यांना घातली. पुढच्या खेपेस लोणी दीडपट."

एवढंच आहे. मी भिंग बदलून दोनदा पाहिलं. राग कुठेही नाही.

धाकटा

•

१५ मे

धाकट्या,

पट्टी आली. बराच वेळ हातात घेऊन बसले होते. एका कोपऱ्यात चिमणीच्या चोचीचं भोक आहे, तिथे तू खळ लावली नाहीस, ते बरं केलंस.

दाढ माझी त्या वेळी खरंच दुखत होती. मी कोणाला सांगितलं नव्हतं. फोनवर एकदा चहा पिताना मी "स्स" केलं असेन, तेवढ्यावरून तिने ओळखलं. मी फोन आपटला तो तिने ऐकला नाही, दाढ ऐकली.

लोणी दीडपट घालून केली. यांनी पहिलं उचललं, दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, मग खाल्लं आणि चांगलं म्हणाले. मी धरलं नाही. स्वतः खाऊन पाहिलं. आईची आहेत.

कार्डं पुन्हा करायची. सगळी पट्ट्यांसकट, मोठ्या साच्यात. छाटायचं काहीही नाही, वेडीवाकडी राहिली तरी चालतील. हे उस्तादांनी ऐकलं असतं तर मला काढून टाकलं असतं. काम पत्राने होणार नाही, मी स्वतः येते आहे. एक जूनच्या गाडीने, पंधरा दिवसांसाठी. मला पाहुण्यासारखं वागवू नकोस, बेडकाइतकी सोय पुरे.

येईन तेव्हा तो निळा डबा बिस्किटांनी काठोकाठ भरलेला हवा. लोणी दीडपट, लक्षात ठेव. चार चिमण्यांना घाल, एक तू चाख, तुझं राहिलेलं आहे. बाकीची सगळी मी खाणार. थोरलीने डबा संपवला असं आई तुला सांगून गेली आहे, ते खरं करून द्यायचं आहे मला.

तुझी
ताई